शिकवणें घरीं, गृहपाठ वर्गांत

इंजिनियरिंग कॉलेजांत मुलाचें किंवा मुलीचें नांव दाखल झालें कीं घरांत एक प्रकारची निश्चिंतता येते. फी भरली, पुस्तकें घेतलीं, वसतिगृहाची अथवा बसची सोय लागली. आतां शिकविण्याचें काम प्राध्यापकांचें आणि शिकण्याचें काम मुलांचें, अशी वांटणी सर्वांनीं मनांतल्या मनांत करून टाकलेली असते. अशा वेळीं पहिल्या वर्षाची एखादी मुलगी रात्रीं मोबाइल समोर धरून बसलेली दिसते, आणि विचारतां, "उद्यांचा धडा आजच ऐकून यावयास सांगितला आहे; उद्यां वर्गांत सर शिकविणार नाहींत, गणितें करून घेणार आहेत," असें उत्तर मिळतें. तें ऐकून वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते. वर्गांत शिकवावयाचें नाहीं, तर मग कॉलेज कशासाठीं? हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर सविस्तर द्यावें असें वाटल्यावरून आम्हीं हा विषय आज हातीं घेतला आहे.

या पद्धतीस इंग्रजींत 'फ्लिप्ड क्लासरूम' असें नांव आहे. आपण तिला 'उलटा वर्ग' म्हणूं. आजवरचा क्रम असा कीं, प्राध्यापकांनीं वर्गांत बोलावें, विद्यार्थ्यांनीं उतरून घ्यावें, आणि उदाहरणें घरीं सोडवावीं. उलट्या वर्गांत बोलण्याचा भाग दहा-पंधरा मिनिटांच्या व्हिडिओच्या किंवा छापील टांचणाच्या रूपानें आधींच घरीं पोंचतो, आणि उदाहरणें वर्गांत, प्राध्यापकांच्या देखत सोडवावयाचीं असतात. बाहेरून पाहतां एवढीच काय ती अदलाबदल आहे.

ही उलथापालथ कशासाठीं, हें समजण्यास इंजिनियरिंगच्या आरंभीच्या अभ्यासांतलेंच एक उदाहरण घेऊं. ६ मीटर लांबीची तुळई दोन्ही टोकांस टेकूंवर ठेविली आहे, आणि तिच्या सबंध लांबीवर दर मीटरास २ किलोन्यूटन असा सारखा भार पसरलेला आहे. एकूण भार १२ किलोन्यूटन झाला; तो दोन्ही टेकूंवर सारखा वांटला जाऊन प्रत्येकावर ६ येतो. येथपर्यंत बहुतेकांचें बरोबर येतें. आतां ही तुळई मध्यभागीं किती जोरानें वाकूं पाहते, म्हणजे इंजिनियर ज्यास 'बेंडिंग मोमेंट' म्हणतात तो तेथें किती, हें काढावयाचें आहे. खरें उत्तर ९ किलोन्यूटन-मीटर. परंतु नवशिका विद्यार्थी येथें एक सोईची युक्ति करतो. टेकूंवरचा भार काढतांना, पसरलेला सगळा भार मध्यावर एकवटला आहे असें मानून काम भागलें होतें. तेव्हां आतांही तसेंच मानावें, असें त्यास वाटतें. तसें मानलें कीं उत्तर १८ येतें. बरोबर दुप्पट! आणि टेकूंचे आंकडे दोन्ही रीतींनीं तेच येत असल्यामुळें आपलें पाऊल कोठें घसरलें याचा त्यास पत्ताही लागत नाहीं.

ही चूक होते केव्हां? रात्रीं अकरा वाजतां, घरीं, एकटें बसलें असतां. आई-वडिलांस विषय परका, चुलतभाऊ दुसऱ्या शाखेचा, विचारावें कोणास? अखेर एखाद्या मित्राच्या वहीचें छायाचित्र मोबाइलवर मागविलें जातें, आणि तें पाहून 'असाइनमेंट' उतरून काढली जाते. सकाळीं वही तपासली जाते, सही होते, आणि चूक मनांत जशीच्या तशी राहते. म्हणजे ऐकून घेण्याच्या सोप्या कामीं जाणता मनुष्य समोर हजर होता, आणि स्वतः करून पाहण्याच्या अवघड कामीं, जेथें त्याची खरी गरज, तेथें तो नव्हता. उलट्या वर्गाचें सारें मर्म एवढ्यांत आहे. व्हिडिओ हें त्यांतील केवळ साधन होय. प्राध्यापकांच्या सहवासाचा जो थोडा वेळ विद्यार्थ्यास लाभतो, तो त्याच्या अडखळण्याच्या जागीं खर्च व्हावा, हा त्यामागचा हेतु आहे.

हा विचार आपणांस अगदींच परका नाहीं. वेदपाठशाळेंत गुरुजी संथा देतात, आणि शिष्य ती त्यांच्यासमोरच म्हणून दाखवितो. स्वर चुकला कीं तेथल्या तेथें सुधारला जातो. गवई शिष्यास पुढ्यांत बसवून त्याच्याकडून गाऊन घेतो. 'मीं गाइलेलें ऐकलेंस, आतां घरीं जाऊन शीक' असें म्हणत नाहीं. पुरणपोळी लाटावयास शिकणाऱ्या सुनेजवळ जाणती बाई उभी राहते ती पहिली पोळी फाटते त्या वेळीं.

अभियांत्रिकीच्या शिक्षणांतही ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेंत वेस्ट पॉइंट येथें जी लष्करी अकादमी आहे, ती त्या देशांतली इंजिनियरिंग शिकविणारी पहिली संस्था मानली जाते. सिल्व्हेनस थेअर हे १८१७ ते १८३३ पर्यंत तिचे प्रमुख होते. त्यांनीं अशी शिस्त घातली कीं, छात्रानें धडा आदल्या दिवशीं स्वतः वाचून यावें, आणि वर्गांत फळ्याजवळ उभें राहून तो मांडून दाखवावा. तुकड्या लहान ठेवीत, म्हणून प्रत्येकाची पाळी येई. त्या काळीं व्हिडिओ नव्हता. पुस्तक होतें, आणि तें पुरलें.

आपल्या काळांत या विचारास नवें बळ मिळालें तें हार्वर्ड विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझुर यांच्यामुळें. १९८४ पासून ते तेथें शिकवीत होते. त्यांचीं व्याख्यानें विद्यार्थ्यांस आवडत, आणि विद्यार्थी परीक्षेंतलीं अवघड गणितेंही सोडवीत. पुढें अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाचे डेव्हिड हेस्टेनिस व त्यांचे सहकारी यांनीं केलेलें संशोधन त्यांच्या वाचनांत आलें. जड मालमोटार आणि हलकी मोटारगाडी यांची टक्कर झाली तर कोण कोणावर अधिक जोर लावतो, अशा साध्या प्रश्नांनीं विद्यार्थ्यांची समजूत पारखण्याची रीत त्यांत होती. दोघांचा जोर सारखाच असतो, हा न्यूटनचा नियम सर्वांस पाठ असतो. पण असा प्रश्न आला कीं कित्येक जण मालमोटारीचें नांव घेतात. माझुर यांनीं तसे प्रश्न आपल्या वर्गास घातले, तेव्हां एका विद्यार्थ्याकडून अशी पृच्छा आली कीं, उत्तर आपण शिकविलें त्याप्रमाणें लिहावें, कीं आम्ही एरवीं ज्या रीतीनें विचार करतों त्याप्रमाणें? या एका पृच्छेंत व्याख्यानाची मर्यादा उघडी पडली. वहींतली विद्या आणि मनांतली समजूत या दोन निराळ्या खोल्यांत राहत होत्या.

१९९१ पासून माझुर यांनीं आपली रीत बदलली. विद्यार्थ्यांनीं भाग वाचून यावा. वर्गांत एक नेमका प्रश्न घालावा. प्रत्येकानें आपलें उत्तर मुकाट्यानें नोंदवावें. मग शेजाऱ्याशीं वाद करून त्यास पटवावें, आणि पुन्हां उत्तर द्यावें. नुकतेंच समजलेल्या सोबत्यास आपण कोठें अडलों होतों हें ताजें आठवत असतें, म्हणून तो दुसऱ्यास कधीं कधीं प्राध्यापकांहूनही चांगलें समजावतो, असा त्यांचा अनुभव आहे. या रीतीवरचें त्यांचें पुस्तक १९९७ सालीं निघालें. पुढें २००७ च्या सुमारास कोलोरॅडो संस्थानांतील वुडलंड पार्क येथील जोनाथन बर्गमन व अ‍ॅरन सॅम्स या दोन रसायनशास्त्राच्या शालेय शिक्षकांनीं आपले पाठ व्हिडिओवर उतरवून विद्यार्थ्यांस द्यावयास आरंभ केला, आणि उलट्या वर्गाचें नांव सर्वतोमुखीं झालें.

हें सर्व ऐकावयास ठीक. फळ काय, असें व्यवहारी वाचक विचारतील. २०११ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस पदार्थविज्ञान शिकविण्याच्या, अडीचशेंहून अधिक संख्येच्या दोन तुकड्या घेतल्या. एकीस अनुभवी व विद्यार्थिप्रिय प्राध्यापकांनीं नेहमींप्रमाणें व्याख्यानें दिलीं. दुसरीस शिकविण्याचा फारसा अनुभव नसलेल्या तरुण संशोधकांनीं त्याच आठवड्यांत तोच भाग घरीं थोडें वाचावयास देऊन, वर्गांत प्रश्न, चर्चा व उदाहरणें यांच्या योगें शिकविला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन हे या प्रयोगांत सहभागी होते. नंतरच्या सामाईक चांचणींत पहिल्या तुकडीची सरासरी शेंकडा ४१, तर दुसरीची शेंकडा ७४ आली.

२०१४ सालीं स्कॉट फ्रीमन व त्यांचे सहकारी यांनीं विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या कॉलेजांतील शिक्षणाचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. ते सगळे उलट्या वर्गाचे नव्हते. ज्या वर्गांत विद्यार्थी नुसते न ऐकतां कांहीं ना कांहीं करतात, अशा सर्व रीतींचा त्यांत समावेश होता. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणारांचें सरासरी प्रमाण शेंकडा ३३.८ होतें, तर दुसऱ्या प्रकारच्या वर्गांत तें २१.८ वर आलें. म्हणजे दर शंभरांमागें १२ विद्यार्थी तरले. "आम्ही फळ्यावरून उतरून घेऊनच इंजिनियर झालों, आमचें काय अडलें?" असें म्हणणारे काका प्रत्येक घरांत असतात, आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. पण जे पार पडले तेच हें सांगावयास उरतात. ज्यांचें वर्ष गेलें, ज्यांनीं मध्येंच कॉलेज सोडलें, ज्यांच्या वडिलांनीं काढलेलें कर्ज तेवढें मागें राहिलें, ते अशा बैठकींत बोलावयास नसतात. हे बारा जण त्यांच्यापैकीं होत.

मग घरोघरीं "सर कांहीं शिकवीतच नाहींत" अशी तक्रार कां ऐकूं येते? याचेंही उत्तर मिळालें आहे. २०१९ सालीं हार्वर्ड येथील पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, स्वतः धडपडून शिकणाऱ्या तुकडीस चांचणींत अधिक गुण मिळाले, परंतु आपण कमी शिकलों असें तिलाच वाटत होतें. आणि सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्या तुकडीस, गुण कमी असूनही, आपण अधिक शिकलों असें वाटत होतें. ओघवतें बोलणें ऐकलें कीं सर्व समजल्याचा भास होतो. स्वतः करूं लागलें कीं आपलें अज्ञान टोंचूं लागतें. ती टोंचणी म्हणजेच शिकणें होय. म्हणून पहिल्या महिन्यांत मुलानें कुरकुर केली, तर लागलीच प्राध्यापकांस दोष देऊं नये.

परंतु या पद्धतीचे गोडवेच गाणें हा आमचा उद्देश नाहीं. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे राज्य विद्यापीठांत २०१२ सालीं विजेच्या मंडलांचा विषय याच रीतीनें, एमआयटी या संस्थेचे व्हिडिओ घरीं देऊन आणि वर्गांत उदाहरणें सोडवून, शिकविला. नेहमींच्या तुकड्यांत उत्तीर्णांचें प्रमाण शेंकडा साठाच्याही खालीं असतां या तुकडींत तें ९१ वर गेलें. उलट त्याच संस्थानांतील हार्वे मड कॉलेजाच्या प्राध्यापकांनीं दोन्ही रीतींची तुलना केली, तेव्हां नांव घेण्याजोगा फरक आढळला नाहीं. त्या कॉलेजांतले वर्ग मुळांतच लहान आहेत. यावरून आम्ही असें समजतों कीं, जेथें प्राध्यापक आधींच प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीपर्यंत पोंचत होते, तेथें उलटविण्यासारखें फारसें उरलेंच नव्हतें. गुण व्हिडिओचा नसून जवळ येण्याचा आहे. आणि म्हणूनच जो प्राध्यापक नुसता दुवा पाठवून वर्गांत स्वस्थ बसतो, तो वर्ग उलटवीत नाहीं. आपलें ओझें मात्र मुलांच्या घरीं टाकतो.

आपल्याकडे या कामाची साधनें बऱ्याच अंशीं तयार आहेत. आयआयटी व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं मिळून २००३ सालीं आरंभिलेल्या 'एनपीटेल' या उपक्रमामुळें इंजिनियरिंगच्या बहुतेक विषयांचीं व्याख्यानें विनामूल्य मिळतात. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या योजनेंतील संगणकविषयक लहान लहान पाठ मराठी आवाजांतही ऐकावयास मिळतात. मराठी माध्यमांतून आलेल्या विद्यार्थ्यास याचा केवढा आधार! वर्गांतलें इंग्रजी वाक्य एकदां कानांवरून गेलें कीं गेलें. व्हिडिओ मात्र थांबवितां येतो, मागें नेतां येतो, आणि न समजलेला शब्द कोशांत पाहून पुढें जातां येतें. पुन्हां विचारावयाची लाज धरण्याचें कारण राहत नाहीं. वर्गांतल्या अर्ध्या भागाचाही अनुभव येथें आहे. पवईच्या याच संस्थेंत पहिल्या वर्षाच्या संगणकाच्या मोठ्या वर्गांत 'आधीं स्वतः विचार करा, मग शेजाऱ्याशीं बोला, मग सर्वांस सांगा' अशी रीत चालविली असतां, सरासरी शेंकडा ८३ विद्यार्थी कामांत खरोखर गुंतलेले आढळले, असा तेथील संशोधकांचा २०१३ सालचा निबंध आहे. तेव्हां मोठ्या वर्गांत हें चालणार नाहीं, ही सबब पुरेशी नाहीं.

चांगला उलटा वर्ग चालतो कसा, हें घरच्यांस ठाऊक असावें. आदल्या रात्रीं दहा-पंधरा मिनिटांचा पाठ, आणि त्यासोबत दोन-तीन लहान प्रश्न. विद्यार्थी त्यांचीं उत्तरें पाठवितात. तीं चाळून कोठें गोंधळ आहे हें प्राध्यापक सकाळींच हेरतात. तासाच्या आरंभीं तेवढ्याच भागाचा पांच-दहा मिनिटें खुलासा होतो. मग आपल्या तुळईसारखें उदाहरण फळ्यावर येतें. विद्यार्थी चार-चारांच्या गटांत बसतात, कोणी ९ म्हणतो, कोणी १८, वाद होतो, प्राध्यापक बांकांमधून फिरतात, आणि १८ लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून वांकून विचारतात, "तुळई मध्यावर कापली, तर डाव्या तुकड्यावर भार किती आणि तो कोठें?" डाव्या अर्ध्यावर ६ किलोन्यूटनच भार आहे, आणि त्याचा मध्य कापापासून दीड मीटरावर आहे, हें त्यास स्वतः दिसतें, आणि चूक जन्मल्या जागींच सुधारते. असा तास ऐसपैस व्याख्यानाहून प्राध्यापकांसही अधिक थकविणारा असतो, हें लक्षांत ठेवावें.

आतां आमच्या वाचकांस प्रत्यक्ष लागू पडणारी गोष्ट. उलटा वर्ग घराकडून कांहीं मागतो. पूर्वीं विद्यार्थी आदल्या रात्रीं कांहींही न करतां वर्गांत गेला तरी त्यास व्याख्यान ऐकावयास मिळे. आतां तसा गेला तर तो वर्गांत आंधळा होऊन बसतो. म्हणजे घरचा तो अर्धा तास हा खरा तास झाला आहे. एकत्र कुटुंबांत तो मिळणें किती कठीण, हें आम्हांस सांगावयास नको. पाहुणे, टेलिव्हिजन, लहान मुलांचा गलका, आणि त्यांतून मुलगी मोबाइल घेऊन बसली तर 'रिकामीच आहे' असें समजून तिला पोळ्या लाटावयास उठविणें! मुलाच्या हातांतला मोबाइल पुष्कळ घरांत अभ्यास ठरतो, आणि मुलीच्या हातांतला करमणूक. ज्या घरांत असें होतें, तेथें मुलीची फी भरूनही तिचा निम्मा वर्ग बुडविला जातो.

उपाय साधे आहेत. रोज ठराविक वेळीं अर्धा-पाऊण तास एक खोली, किंवा खोलीचा एक कोपरा, निवांत ठेवावा, आणि त्या वेळांत शिकणारास कोणत्याही कामास उठवूं नये. कानांत घालावयाचा स्वस्त श्रवणयंत्रासारखा 'इअरफोन' घेऊन द्यावा. पाठ ऐकतांना कागद-पेन्सिल जवळ असलीच पाहिजे; नुसतें पाहणें म्हणजे वर्गांत डुलक्या घेण्यासारखेंच आहे. पाठ संपल्यावर आजोबांनीं किंवा आजीनें जवळ बसवून, "काय ऐकलेंस तें मला समजेल असें सांग," म्हणावें. ऐकणारास विषय येत नसला तर उत्तमच. कारण अजाणास समजावून सांगतांना आपलें कोठें अडतें हें सांगणाऱ्यास लागलीच कळतें, आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशीं वर्गांत विचारावयाचा असतो. ज्यांच्या घरीं अशी जागा किंवा साधन नाहीं, त्यांच्यासाठीं वाचनालय व संगणककक्ष संध्याकाळीं उघडे ठेवणें हें कॉलेजांचें कर्तव्य आहे. तें होत नसेल तर पालकांनीं मिळून मागावें.

कॉलेजांतून मुलें परत आलीं म्हणजे "आज सरांनीं काय शिकविलें?" असें विचारण्याची आपली जुनी चाल आहे. ती थोडी बदलावी. "आज वर्गांत तूं स्वतः काय केलेंस, आणि चुकलें तेव्हां कोणीं सांगितलें?" असें विचारावें. उत्तर मिळालें, तर वर्ग कोणत्याही रीतीचा असो, तेथें शिक्षण चाललें आहे असें खुशाल समजावें. पुन्हां पुन्हां विचारूनही उत्तर मिळत नसेल, तर मात्र पालकांनीं कॉलेजांत जाऊन चौकशी करण्याची वेळ आली आहे.